सूचिपर्णी वृक्षांच्या अभ्यासाकडे वळताना

महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्राची पदवी घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची सूचिपर्णी वृक्षांशी, म्हणजे पाइन-देवदारांच्या गटाशी, ओळख होते ती पायनसच्या (पाइनच्या) एका तयार स्लाइडवरून, आणि परीक्षा संपली की ती ओळखही संपते. याचे कारण भौगोलिक आहे. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत एकही सूचिपर्णी वृक्ष मूळचा नाही. दक्षिण भारतात या गटातली नागेया वालिचियाना ही जाती केरळ-तमिळनाडूच्या घाटांत आढळते, पण तिची पाने चांगली रुंद असल्यामुळे पाहणाऱ्याला हा सूचिपर्णींचा नातलग असेल अशी शंकाही येत नाही. मी पुण्यात बी.एस्सी. करून पुढे डेहराडूनला गेलो आणि नंतर पश्चिम हिमालयातल्या जंगलांवर काम केले. या विषयाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून हे लेखन.

सुरुवात घराजवळच करता येते. कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरू दुरून पाइनसारखे दिसते, पण त्याची एक ‘सुई’ हातात घेऊन हलकेच ओढली तर ती पेरापेरावर तुटते आणि प्रत्येक पेरावर सहा ते आठ बारीक दात गोलाकार बसलेले भिंगातून दिसतात. ते दात म्हणजे त्याची पाने, आणि आपण जिला सुई समजत होतो ती हिरवी डहाळी. सुरू हा सपुष्प वृक्ष आहे. याउलट महाविद्यालयाच्या आवारातली मोरपंखी खरोखर सूचिपर्णी गटातली आहे, जरी तिला एकही सुई नसली तरी. तिचा निळसर हिरवा, टोकांना आकडे असलेला कोवळा शंकू ब्लेडने उभा कापावा. खवल्यांच्या बुडाशी बिया उघड्यावर बसलेल्या दिसतात, त्यांच्याभोवती फळाची भिंत नसते. अनावृतबीजी या संज्ञेची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा एक छेद अधिक शिकवतो. सूचिपर्णी ठरतो तो अशा बीजरचनेवरून आणि लाकडावरून, पानाच्या आकारावरून नव्हे, हे इथेच पक्के झाले तर पुढचा बराच घोळ टळतो.

पायनसच्या पानाचा आडवा छेद सर्वांनीच काढलेला असतो. जाड उपत्वचा, तिच्या पातळीखाली दबलेली पर्णरंध्रे, त्याखाली जाड भिंतींच्या पेशींचा थर, राळेच्या नलिका आणि मधोमध वाहक ऊती, हे सारे आपण नावे देऊन मोकळे होतो. या रचनेचा संबंध पाण्याशी आहे. हिवाळ्यात जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि पाने तर झाडावरच असतात. त्यामुळे बाहेर जाणारा प्रत्येक थेंब अडवावा लागतो. शिवाय सगळे पाइन सारखे नसतात. चीडच्या सुया तीन-तीनच्या झुपक्यात येतात आणि छेदात दोन वाहकपूल (वाहक ऊतींचे जुडगे) दिसतात, तर कैलच्या सुया पाच-पाचच्या झुपक्यात येतात आणि वाहकपूल एकच असतो. तयार स्लाइडवर विसंबून न राहता दोन्ही जातींचे छेद स्वतः काढावेत. पान टणक असल्याने ते गाजराच्या किंवा भेंडाच्या फटीत धरून कापले तर छेद पातळ मिळतो.

लाकडाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या वृक्षांविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज इथलाच आहे. सूचिपर्णींच्या लाकडात रुंद वाहिन्या नसतात. जवळजवळ सगळे लाकूड अरुंद, बंद टोकांच्या वाहिनिकांचे बनलेले असते, आणि यावरून हा गट ‘प्राचीन म्हणून मागासलेला’ अशी टीप अजूनही वर्गात लिहून दिली जाते. मला ती पटत नाही. पाणी गोठते तेव्हा त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वेगळी होते. रुंद वाहिनीत हे बुडबुडे मोठे होऊन बर्फ वितळल्यावर पाण्याचा स्तंभ तोडतात, तर अरुंद वाहिनिकेत ते इतके लहान राहतात की पुन्हा विरघळून जातात. एखाद्या वाहिनिकेत हवा शिरलीच, तर शेजारच्या पेशीकडे जाणाऱ्या छिद्रातल्या पडद्याची जाड मधली चकती सरकून टाकीच्या तोंडाला बूच बसावे तशी छिद्रावर बसते आणि नुकसान एका पेशीपुरते राहते. रुंद वाहिन्यांच्या मानाने पाणी हळू चढते हे खरे, परंतु वारंवार गोठणाऱ्या उतारावर हे लाकूड भरवशाचे ठरते.

प्रत्यक्ष जंगल पाहायचे तर कालकाहून शिमल्यामार्गे नारकंड्यापर्यंतचा रस्ता नवख्यांसाठी सर्वांत सोयीचा, असे माझे मत आहे. खालच्या उतारांवर चीड लागतो, शिमल्याच्या आसपास देवदार, त्याच्याबरोबर व त्याहून उंचीवर कैल, आणि सुमारे २७०० मीटर उंचीवरच्या नारकंड्याच्या परिसरात रई आणि तोस, म्हणजे अनुक्रमे स्प्रूस आणि फर. हा रस्ता बसने जाताना एका दिवसात संपतो. पण थांबत थांबत, उंची नोंदवत गेलात तर वनप्रकार या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम वाटेतच होतो. पुढे किन्नौरला गेलात तर चिलगोजा हा खाण्याजोग्या बियांचा पाइन पाहता येतो. त्याचे शंकू बियांसाठी उघडण्याआधीच काढले जातात, आणि त्याची नवी रोपे जंगलात कमी दिसण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

रई आणि तोस वेगळे ओळखणे ही नवख्यांची पहिली कसोटी असते. वृक्षाच्या एकूण आकारावरून ओळखण्याचा मोह टाळावा. वय, वारा आणि जनावरांसाठी केलेली फांद्यांची छाटणी यांमुळे आकार बदलतो. रईची सुई चौधारी असल्याने अंगठा आणि तर्जनी यांत सहज फिरते; तोसची चपटी असते, फिरत नाही, आणि खालच्या बाजूला दोन फिकट पट्टे असतात. जुन्या, सुया गळलेल्या डहाळीवरून बोट फिरवले तर रईची डहाळी खरखरीत लागते, कारण सुईचा बारीक खुंट मागे राहतो. तोसवर गोल, सपाट व्रण उरतो. मग झाडाखाली पाहावे. रईचे शंकू खाली लोंबतात आणि अखंड गळून पडतात. तोस आणि देवदार यांचे शंकू फांदीवर उभे असतात आणि झाडावरच विखरतात, त्यामुळे त्यांच्याखाली सुटे खवलेच सापडतात. देवदाराखाली अखंड जुना शंकू मिळाला, तर तो शेजारच्या कैलचा किंवा रईचा असण्याचीच शक्यता अधिक.

प्रबंधाचा विषय घेताना या वृक्षांचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे, कारण ते विद्यापीठाच्या सत्रांशी जुळत नाही. चीडमध्ये परागण वसंताच्या सुमारास होते, फलन त्यानंतर साधारण वर्षाने, आणि शंकू पिकायला परागणापासून सुमारे दोन वर्षे लागतात. देवदाराचे पराग शरद ऋतूत उडतात आणि त्याचा शंकू पुढच्या शरदात पिकतो. एका सत्रात एका शंकूचा प्रवास पाहणे म्हणूनच अशक्य आहे. मात्र चीडच्या एकाच मोठ्या फांदीवर या वर्षीचे इवलेसे, गेल्या वर्षीचे हिरवे आणि त्याआधीचे तपकिरी, उघडलेले असे तीन वयांचे शंकू एकत्र मिळू शकतात. त्यांची क्रमवार तुलना करणारा विषय मार्गदर्शकांसमोर मांडून पाहावा.

वृक्षवलयांचा अभ्यास करायचा असेल तर हिमालयातले सूचिपर्णी वृक्ष, त्यातही देवदार, हे उत्तम साहित्य आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहालयात ७०० हून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराचा आडवा छेद ठेवलेला आहे, तो आधी पाहून घ्यावा. लखनौची बीरबल साहनी पुराविज्ञान संस्था या क्षेत्रात दीर्घकाळ काम करीत आहे. बोरर (खोडातून काडीसारखा बारीक नमुना काढणारे हत्यार) चालवण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच दौरा आखावा. उतारावरचे झाड उताराच्या खालच्या बाजूला दाट, लालसर लाकूड तयार करते आणि तिथली वलये फसवी रुंद असतात. म्हणून नमुना उताराला आडव्या दिशेने, दोन्ही बाजूंनी घ्यावा. नमुने कागदी नळीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये त्यांना बुरशी धरते.

नोकरीबाबत थोडक्यात सांगायचे तर वाटा तीन: नेट देऊन संशोधन, डेहराडून-शिमल्याच्या वन संशोधन संस्थांमधले प्रकल्प, आणि भारतीय वन सेवेची परीक्षा. प्रकल्पांतल्या जागा मुदतीच्या असतात आणि मानधन बेताचे असते. तरी जंगलात राहण्याची सवय लागते ती तिथेच. वनरक्षकांशी हिंदीत मोकळेपणाने बोलता येणे हा मोठा गुण ठरतो, कारण कोणत्या नाल्यात कोणती झाडे उरली आहेत हे त्यांनाच ठाऊक असते.

शेवटी नमुन्यांविषयी. रईची फांदी नेहमीप्रमाणे दाबून वाळवली की तिच्या सुया गळतात आणि कागदावर केवळ काडी उरते. दाबण्यापूर्वी फांदी थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवून टिपकागदाने कोरडी केली तर सुया बऱ्याच अंशी टिकतात. तोस आणि देवदार यांचे शंकू वाळताना विखरू नयेत म्हणून ते आधी जाळीच्या कापडात बांधून ठेवावेत, आणि फांदीचा क्रमांक त्याच दिवशी, पेन्सिलने, शंकूच्या पिशवीवरही घालावा.