बंद पडलेला पीसी पुठ्ठ्यावर मांडून तपासा

"काकू, मदरबोर्ड गेलाय म्हणाले. साडेसात हजार सांगितलेत."

मागच्या जुलैतली गोष्ट. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, ॲनिमेशन शिकणारा एक मुलगा भर पावसात रेनकोटमध्ये गुंडाळलेलं कॅबिनेट छातीशी धरून माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. स्वतः मात्र चिंब भिजला होता. बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. मी सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढलं, बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवला, मोजक्या वायरी जोडल्या. बोर्ड पहिल्याच झटक्यात सुरू झाला. दोष कुठे होता ते पुढे सांगते.

नारायण पेठेत मी अठरा वर्षं हे काम करते आहे. अंदाजाने नवा बोर्ड, नवी रॅम घेऊन मग माझ्याकडे आलेली माणसं पाहिली की जीव तुटतो. कारण ही तपासणी घरी करता येते. त्यासाठी एक स्क्रू ड्रायव्हर, एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि बोर्डावर लावायचा छोटा बीप स्पीकर पुरतो. मल्टिमीटर पुण्यातल्या तपकीर गल्लीत सहज मिळेल.

जागा आधी नीट निवडा. बोर्ड ज्या खोक्यातून आला तो खोका सगळ्यात उत्तम, नाहीतर कोणताही कोरडा पुठ्ठा चालेल. स्टीलचा ओटा नको, गादी नको, सतरंजी नको. बोर्डाबरोबर येणारी चंदेरी पिशवी तर चालू बोर्डाखाली अजिबात ठेवू नका. अशा बऱ्याच पिशव्यांचं बाहेरचं अंग वीज वाहून नेणारं असतं.

मग अर्थिंग बघा. जुन्या वाड्यांमध्ये तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची तारच नसते. चालू कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर हेच कारण समजा: एसएमपीएसमधल्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या) फिल्टरमधून झिरपणाऱ्या किंचित विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्त करून घ्या. अर्थिंग ठीक असेल तर कॉर्ड लावून, पण एसएमपीएसचं मागचं बटण बंद ठेवून, त्याच्या पत्र्याला एकदा हात लावा. अंगातली स्थिर वीज तिथे उतरते. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत, अंगात लोकरीचा स्वेटर असताना, हे दर वेळी करा.

पहिली पाळी एसएमपीएसची. त्याच्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. ती कुठल्याही काळ्या तारेशी जोडली की एसएमपीएस चालू होतो. कॉर्ड काढून यू आकारात वाकवलेली पेपरक्लिप दोन्हींत घाला, मग कॉर्ड लावून बटण चालू करा. सगळ्याच तारा काळ्या असतील तर मेळ लावताना कनेक्टरचं चित्र समोर ठेवा. हिरव्या तारेची जागा १६ नंबरची. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं धरून चालू नका. काही एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, आणि काहींचा पंखा फिरतो पण व्होल्टेज पडलेलं असतं. म्हणून मोजा. मल्टिमीटर डीसीवर, काळं टोक काळ्या तारेला. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर साधारण ३.१४ ते ३.४६ व्होल्ट मिळाले पाहिजेत. जांभळ्या तारेवर तर कॉर्ड लावल्याबरोबर, काही चालू न करताही, ५ व्होल्ट हवेतच. ते नसतील तर बटण दाबून काहीच होणार नाही. "गुरुवारी वीज गेली, आली, तेव्हापासून मेलाय" असं सांगत येणाऱ्यांच्या बाबतीत मी सगळ्यात आधी जांभळी तारच मोजते.

बोर्ड जोडल्यावर हीच मोजणी कनेक्टरच्या मागच्या बाजूने टोक सरकवून पुन्हा करा. रिकामा असताना बरोबर दिसणारा एसएमपीएस भार आला की ढेपाळतो, आणि ते तेव्हाच कळतं. एसएमपीएस उघडू मात्र नका, कितीही मोह झाला तरी. कॉर्ड काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

आता बोर्ड. पुठ्ठ्यावर बोर्ड, त्यात प्रोसेसर, त्यावर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा, इतकंच. डिस्क नाही, रॅम नाही, ग्राफिक्स कार्ड नाही. हीटसिंक नसताना "एक सेकंद बघतो फक्त" असं कधीही करू नका. एसएमपीएसच्या दोन वायरी लागतात: २४ पिनांची मोठी, आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची. ही दुसरी विसरलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की कुणी "पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही" म्हटलं की नजर आधी तिथेच जाते.

कॅबिनेटचं बटण आता नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात पुढच्या बटणांसाठी पिनांची दोन ओळींची पट्टी असते. त्यातल्या पॉवर स्विचच्या दोन पिना मॅन्युअलमध्ये पाहून ओळखा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोघींना क्षणभर एकत्र शिवा. शॉक बसत नाही, तिथे जेमतेम ३ ते ५ व्होल्ट असतात. फक्त टोक शेजारच्या पिनेवर घसरू देऊ नका.

रॅम नसताना बोर्डाने स्पीकरमधून बीप दिले तर मला फार बरं वाटतं. बोर्ड जिवंत आहे, प्रोसेसर काम करतोय आणि रॅम नाही हे त्याला समजतंय, एवढं सगळं त्या आवाजात असतं. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. जो पेटून राहील तिथे अडलंय. बीपही नाही, दिवाही नाही, असं असेल तर कॉर्ड काढून सीमॉसचा सेल (बोर्डावरचा नाण्यासारखा चपटा सेल) काढा, पाच मिनिटं थांबा, सेल मोजा. नवा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, २.७ च्या खाली गेलेला बदलून टाका. तरीही शांतता असेल तर प्रोसेसर काढून सॉकेट बघा. इंटेलच्या आताच्या सॉकेटमध्ये आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून चारही बाजूंनी पाहा. सगळ्या पिना एका ओळीत चमकतात. वाकलेली एकटी वेगळी चमकते.

मग रॅमची एकच पट्टी. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या "डिस्प्ले नाही"च्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच सुटतात. पट्टीच्या सोनेरी कडेवर दमट हवेने मळकट थर बसतो. पांढरं मऊ खोडरबर एकाच दिशेने हलकं फिरवा, रबराचा भुगा कोऱ्या ब्रशने झाडा, स्लॉटमध्येही ब्रश फिरवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक कण आत जातात. पट्टी दोन्ही बाजूंनी खट्ट वाजेपर्यंत दाबा. डीडीआर५ म्हणजे नव्या प्रकारची रॅम असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. बोर्ड त्या वेळी रॅमची जुळवणी करत असतो. घाईने वीज बंद करू नका.

मॉनिटरची केबल बोर्डाच्या डिस्प्ले पोर्टला लावण्याआधी प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. एएमडी रायझनच्या ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांत सहसा नावात जी असेल तरच ग्राफिक्स असतं. ते नसेल तर कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहणार, आणि त्यात बोर्डाचा काही दोष नाही.

बायॉस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा पडदा, दिसलं की दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि तापमान बघत बसा. एकसारखं चढत गेलं तर हीटसिंक नीट बसलेलं नाही. मग एकेक वस्तू वाढवा: दुसरी पट्टी, कार्ड, डिस्क. दर वेळी कॉर्ड काढून, बोर्डावरचा दिवा विझल्यावरच. दोन गोष्टी एकदम कधीच जोडू नका, नाहीतर बिघाड परत आला तर कुणामुळे ते कळणार नाही. मी वहीत एका ओळीत लिहिते: काय लावलं, काय झालं. रॅमचा संशय असेल तर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा, एका वेळी एकच पट्टी लावून.

त्या मुलाचा पीसी पुठ्ठ्यावर सगळं लावूनही चालला. म्हणजे दोष कॅबिनेटमध्ये होता. बोर्ड उलटा केला, भिंग लावलं. मागच्या बाजूला, जिथे स्क्रूचं भोक नव्हतं अशा जागी, डाळीच्या दाण्याएवढा गोल ओरखडा होता. हिरवा रंग घासून गेलेला, आणि डाखाचे दोन टोकदार ठिपके दाबून चपटे झालेले. बोर्डाला स्क्रूची भोकं सहा, आणि कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळी स्टँड नऊ. नव्या कॅबिनेटमध्ये त्याने सगळं स्वतः बसवलं होतं, आधीपासून लावलेले स्टँड तसेच ठेवून. त्यातला एक बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करत होता, आणि एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होत होता.

जास्तीचे तीन स्टँड मी पक्कडीने काढले आणि त्याच्या हातात ठेवले. बोर्ड परत बसवताना स्क्रू त्यालाच पिळायला लावले. पुढच्या यूएसबीची वायर मुद्दाम शेवटी लावली, कारण वाकलेली यूएसबी पिनही असाच घोळ घालते. मग कॅबिनेटचं बटण दाबलं.

"काकू, चालू झाला," तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून त्याने घरी फोन लावला.