तळ्याकाठच्या मुक्कामात तंबू कोरडा ठेवण्यासाठी

डोंगरातल्या तळ्याकाठी मुक्काम केला, की सकाळी तंबू आतून ओलाचिंब झालेला आढळतो आणि स्लीपिंग बॅगही दमट होते. यावरचा उपाय जागा निवडतानाच करावा लागतो. काठापासून निदान ६० मीटर, म्हणजे साधारण ८० पावले मागे जाऊन तळ्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच, शक्य तर झाडांखालची सपाट जागा निवडावी. एवढ्या अंतरामुळे पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची वाटही मोकळी राहते. खोलगट जागा कितीही आडोशाची वाटली तरी टाळावी, कारण रात्री थंड हवा तिथेच साचते.

थंडी वाजेल या भीतीने तंबू गच्च बंद करण्याचा मोह मात्र आवरावा. समोरासमोरच्या दोन झडपा वीतभर उघड्या ठेवल्या, की श्वासातली वाफ बाहेर निघून जाते, आणि ओल्या पांघरुणात कुडकुडण्यापेक्षा अंगावर एक जादा कपडा चढवणे केव्हाही बरे. ओले कपडे व बूट बाहेरच्या आच्छादनाखाली ठेवावेत.

झाडाखाली तंबू लावण्याआधी वर नीट पाहावे. वाळलेली किंवा अर्धवट मोडलेली फांदी दिसली, तर ती जागा सोडून द्यावी.