वाळ्याच्या रांगेतली फट मृगातच बुजवा

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागात खाणीच्या डंपाखाली, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाखाली, ज्यांची भातशेती आहे, त्यांच्या हातात आता थोडेच दिवस आहेत. डंप आडरानात, वाट मोडलेली, म्हणून वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही. मग आर्द्रात लाल पाणी उतरतं आणि लावणी गाळाखाली जाते.

मोहरी किंवा सूर्यफूल पेरून, नाहीतर 'धातू शोषणाऱ्या' जिवाणूंची पाकिटं टाकून शेत साफ होईल असं दुकानदार सांगत असेल, तर त्याच्यासमोर हा हिशेब मांडा. हेक्टरी वरच्या 15 सेंमी थरात साधारण 2000 टन माती असते. गाळात लोह 20 टक्के धरलं तर ते झालं 400 टन. मोहरीचं सुकं वजन 5 टन आणि त्यात किलोमागे 1 ग्रॅम लोह धरलं, तरी एका पिकात निघणार 5 किलो. पैसे खिशात ठेवा. ईडीटीए हे रसायन ओतून मातीतला धातू सोडवायचा सल्ला तर ऐकूच नका. सुटलेला धातू पावसाबरोबर विहिरीत उतरतो. लोह-मँगनीजचा गाळ वरच अडवायला हवा. त्याला वाळा (खस गवत) बरा: आम्ल, निकस मातीत तगतो, मुळं सरळ खोल जातात, धातू बहुतेक मुळांतच राहतो.

लागवड:
- न फुलणारी, बी न धरणारी जात
- पाण्याच्या नळीने समपातळी आखणी, उंचीत दर 1 ते 2 मीटर फरक पडला की एक रांग
- पात 20 सेंमी, मुळं 10 सेंमी ठेवून छाटणी, शेणकाल्यात बुडवणे
- एका जागी 3 फुटवे, दोन जागांत 10 ते 15 सेंमी
- जागी ओंजळभर शेणखत
- गुरांपासून राखण

डंपावर जिथे रान आपोआप उगवलंय, तिथली मूठभर माती प्रत्येक खड्ड्यात टाका. शिफारशीच्या कागदावर हे सापडणार नाही, पण अशी रोपं लवकर धरतात.

आता फटीचं. शंभर मीटरच्या रांगेत हजार जागा लावल्या आणि चार मेल्या, तर 'चारच तर आहेत' म्हणून सोडून देतात. नेमकं तिथेच शेत जातं. रांगेमागे पाणी थबकतं, पसरतं आणि वाट शोधतं. वीतभर फट मिळाली की सगळा लोंढा तिथूनच घुसतो, शेजारच्या दोन थोंबांची मुळं उघडी पाडतो आणि खालच्या रांगेपर्यंत घळ पाडतो. रांग नसती तर पाणी निदान पसरून तरी आलं असतं.

म्हणून हजारामागे शंभर रोपं पिशव्यांत वाढवून ठेवा, तीही दोन महिने आधी. फटीत नवे फुटवे खोचू नका, वाहून जातील. पिशवीतली तीन रोपं 5 सेंमीवर दाटीने लावा आणि त्यांच्यामागे मातीचं पोतं आडवं टाका. पहिल्या मोठ्या पावसानंतर उघडीप मिळताच फेरी मारा, मग दर नक्षत्राला एक. दोन पावसाळे ही फेरी चुकवायची नाही. माथ्यावर भेगा दिसल्या तर मात्र वर चढू नका, पंचायतीला कळवा.

डंपावर अकेशिया उभी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. झाडाखाली गवत नसेल तर पाला बाजूला करून पाहा, खाली ओघळ सापडतील.

शेतात आधीच साचलेला गाळ लावणीआधी फावड्याने काढा. बांधावर टाकलात तर पहिल्याच सरीला परत आत येईल. भाताची खालची पानं टोकाकडून तांबूस होऊ लागली, मुळांवर गंजासारखा थर दिसला, की लोहाची बाधा समजा. पाणी सात ते दहा दिवस काढून शेत मोकळं ठेवा, पालाश (पोटॅश) चुकवू नका. चुन्यासाठी केरळ कृषी विद्यापीठाची भाताची शिफारस हेक्टरी 600 किलोची आहे: 350 सुरुवातीला, 250 महिन्याने. पण आधी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत माती तपासून सामू (पीएच) पाहा.

छाटलेली पात रांगेच्या वरच्या अंगाला पसरा. जिथे शिसं किंवा आर्सेनिकचा संशय असेल तिथली मात्र गोठ्यात नको, चुलीत नको, शेतातही नको.