नवे साहेब, केंद्रावर रुळायचं कसं

नागपूरच्या फायर कॉलेजातून सब-ऑफिसरचा कोर्स करून पोरगा अग्निशमन केंद्रावर हजर होतो आणि पहिल्याच दिवशी वडिलांच्या वयाची माणसं त्याला ‘साहेब’ म्हणायला लागतात. त्यावर भाळू नका. ती हाक पदाला असते. आगीवर तुम्ही “बाहेर या” म्हणालात आणि आतली माणसं हातातलं काम टाकून उलटी फिरली, तर तुम्ही साहेब. आत जायला फायरमनला सांगावं लागत नाही, तो घुसतोच. त्याला बाहेर काढणं अवघड. मी मुंबईत फायरमन म्हणून लागलो, लीडिंग फायरमन होऊन निवृत्त झालो, मधल्या काळात बरेच साहेब पाहिले. तो एक हुकूम पाळला जावा म्हणून काय करायचं, एवढंच सांगतो.

हजेरी झाली की केबिनमध्ये जाऊ नका, गाडीपाशी थांबा. बी.ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा सिलेंडर आणि मास्क, स्वतः तपासा, सुरुवात आपल्या सेटपासून. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, गेजचा काटा ३०० बारच्या जवळ आहे का बघा. मग व्हॉल्व्ह बंद करून काट्यावर नजर ठेवा. घसरला तर कुठंतरी गळतंय. नाही घसरला तर मास्कमधून हवा हळूहळू सोडत जा. काटा ५५ बारच्या आसपास आला की हवा संपत आल्याची शिट्टी वाजली पाहिजे. नाही वाजली तर सेट गाडीवरून खाली, रजिस्टरला नोंद, बदली सेट मागवायचा. “वायसर बदलला की चालेल साहेब” असं कोणीतरी म्हणेलच. चालणार नाही म्हणा, आवाज न चढवता. पोरं हे सगळं बघत असतात, आणि त्यातूनच तुमच्या शब्दाला वजन येतं.

टॅलीचं, म्हणजे सेटला लावलेल्या नावाच्या बिल्ल्याचंही तसंच. दाराशी टॅली दिल्याशिवाय कोणीही आत जायचं नाही. टाळाटाळ नवी पोरं करत नाहीत, आम्ही जुने करतो. दाराशीच्या पाटीवर नाव, आत गेल्याची वेळ आणि सिलेंडरचा दाब आलाच पाहिजे. सिलेंडर पंचेचाळीस मिनिटांचा म्हणतात, पण पाच मजले चढून पाण्यानं भरलेला होज पाइप ओढणारा तो कितीतरी आधी संपवतो. बाहेरच्या माणसानं हिशेब पाटीवरून करायचा, आतल्याच्या “अजून आहे”वर नाही.

आता उभं कुठं राहायचं ते. ९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत इमारत कोसळली. सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, महेंद्र देसाई, संजय राणे हे चार अधिकारी आपण गमावले. त्यांत दलाचे प्रमुख आणि उपप्रमुख होते. साहेबानं पुढं असावं ही आपली रीत आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण नव्या साहेबांना ती ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, हातात घेण्याचीच रीत वाटते, आणि ते मला पटत नाही. ब्रांच धरलेल्याला समोरचा चार फूट धूर दिसतो. भिंतीची भेग रुंदावली, तुळई वाकली, माती झरायला लागली, हे कोण बघणार? जुन्या लाकडी जिन्याच्या इमारतीत एक माणूस निव्वळ इमारतीकडे बघायला ठेवा आणि तो ओरडला तर त्याला कारण विचारत बसू नका. बाहेर पडायचा इशारा कोणता, हे पाळीच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या आणि ड्रिलमध्ये वाजवा. मध्येच, सगळे रंगात आलेले असताना. कोण किती पटकन फिरतो ते तिथंच कळतं.

१४ एप्रिलला मानवंदना होते, भाषणं होतात. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात आपले ६६ जवान गेले. नव्या पोरांना एवढंच सांगून सोडू नका. त्या एकाच जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता, हे सांगा. आणि मग गोदामाच्या वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर, उतरताच मालकाला पहिला प्रश्न विचारायला शिकवा: आत काय काय आहे?

खंडेनवमीला गाड्यांना झेंडूच्या माळा घालतात, नारळ साहेबांपुढं करतात. तुम्ही गाडी नि पंप चालवणाऱ्या यंत्रचालकाला पुढं करा. जेवणाची काँट्री, म्हणजे वर्गणीतला आपला वाटा, वेळेवर द्या. दिवाळीत रॉकेटच्या वर्द्या संपता संपत नाहीत, तेव्हा लक्ष्मीपूजनाची रात्र पहिल्या वर्षी स्वतःकडे घ्या. पुढं कुणाची रजा कापावी लागली तर तो मागं कुरकुरणार नाही. निदान कमी कुरकुरेल.

वर्दीत लेकरू दगावलं असेल तर पोरांना “सवय होईल” म्हणू नका. होत नाही. होज धुऊन वाळत घालेपर्यंत त्यांच्यासोबत थांबा, मग चहा मागवून बसा. काय चुकलं ते विचारताना सगळ्यात नव्या पोराला आधी बोलू द्या, साहेबांनी शेवटी बोलावं. साहेब आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात. आणि यंत्रचालकाला हाक मारायला विसरू नका. तो आगीत दिसत नाही म्हणून सुटतो, पण पाण्याचा दाब कधी पडला आणि का, हे त्यालाच माहीत असतं.