शेंगेन व्हिसा: अर्ज करताना या चुका टाळा

युरोपच्या सहलीसाठी किंवा जर्मनी, नेदरलँड्ससारख्या देशांत नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाण्यासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातील शेंगेन क्षेत्राच्या सर्व देशांत चालणारा एकच अल्पमुदतीचा व्हिसा) काढताना अनेक जण आधी कागदपत्रे जमवू लागतात. वास्तविक अर्ज कोणत्या देशाकडे, किती दिवसांसाठी आणि किती वेळा प्रवेश करण्यासाठी करायचा, हे आधी ठरले पाहिजे, कारण कोणते कागद लागतील हे त्यावरच अवलंबून असते.

ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याच देशाकडे अर्ज करण्याचा सल्ला काही एजंट देतात, तो मानू नये. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो आणि मुक्काम सारखाच असेल, तर जिथे प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत, पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यांत नाहीत. त्यामुळे पॅरिस पाहून लंडनला जायचे आणि तेथून स्वित्झर्लंडला परतायचे असा बेत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा लंडनला निघताच संपतो. अशा वेळी किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा.

सर्वांत महागात पडते ती दिवसांची मोजणी. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि हे १८० दिवस वर्षारंभापासून किंवा व्हिसाच्या तारखेपासून नव्हे, तर मुक्कामाच्या प्रत्येक दिवसापासून मागे मोजले जातात. आगमनाचा आणि निर्गमनाचा दिवसही त्यांत धरला जातो. १ एप्रिलला पोहोचून २९ जूनला निघालेल्या आईवडिलांचे ९० दिवस पूर्ण झालेले असतात आणि त्यांना २८ सप्टेंबरपूर्वी पुन्हा प्रवेश मिळत नाही, मग व्हिसा दोन वर्षांचा का असेना. नातवंडाच्या जन्मासाठी जाणाऱ्या आजीआजोबांनी तिकीट काढण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावाच. शिक्षण, नोकरी किंवा कायमचे स्थलांतर यांसाठी मात्र हा अल्पमुदतीचा व्हिसा उपयोगाचा नाही. त्यासाठी संबंधित देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या पासपोर्टवर अनेकदा माहेरचे नाव असते आणि निमंत्रणपत्रात सासरचे. तिकीट, विमा आणि निमंत्रण या सर्वांवर पासपोर्टवरचेच नाव असावे, आणि नात्याच्या पुराव्यासाठी विवाह प्रमाणपत्र जोडावे. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण मुक्कामाचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर आणखी तीन महिने वैध असावा.

अर्जाच्या तोंडावर खात्यात मोठी रक्कम भरल्याने विश्वास वाढत नाही, उलट ती कुठून आली हा प्रश्न उभा राहतो. रक्कम खरोखरच मुदत ठेव मोडून आलेली असेल, तर बँकेचा तसा कागद जोडावा. खोटे हॉटेल बुकिंग तर मुळीच दाखवू नये.

अर्ज नाकारला गेल्यास कारण नमूद केलेले पत्र मिळते. तीच फाइल दुसऱ्या देशाकडे पाठवण्यात अर्थ नाही, कारण आधीच्या नकाराची नोंद सर्व शेंगेन देशांना सामायिक प्रणालीत दिसते. परतण्याच्या हेतूबद्दल शंका घेतली असेल, तर नोकरीची मंजूर रजा, निवृत्तिवेतन, शेती किंवा घरातील जबाबदाऱ्या यांचे पुरावे देऊन नवा अर्ज करावा. निर्णयच चुकीचा वाटत असेल, तर अपील कुठे आणि किती मुदतीत करायचे हे त्याच पत्रात दिलेले असते.