माफी मागितली, पैसे राहिले: रोजच्या शिष्यत्वात या चुका टाळा

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-प्याला घेण्याच्या विधीच्या, आदल्या आठवड्यात मंडळीत (चर्चमध्ये) एक ठरावीक लगबग दिसते. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं "काही चुकलं असेल तर माफ करा" म्हणत हात मिळवतात, रविवारी भाकर-प्याला घेतात आणि सोमवारी पुन्हा पाठ फिरवतात. या एका वाक्याचा आता वीट आला आहे. काय चुकलं, कुणाचं चुकलं, किती रुपयांना चुकलं, यातलं काहीच त्यात नसतं.

नेहमीचं प्रकरण असं. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी मेहुण्याकडून 40,000 रुपये घेतलेले असतात, "सहा महिन्यांत देतो" या बोलीवर. सहाचे छत्तीस महिने होतात, मेहुण्याचे फोन उचलायचे बंद होतात. मग एखाद्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या प्रार्थना-मेळाव्यात, हेच गृहस्थ उभे राहून डोळे भरून साक्ष देतात, की प्रभूने माझं सगळं पाप धुऊन टाकलं. मेहुणा मागच्या बाकावर बसून ऐकत असतो. पुढच्या महिन्यात त्याने पैशांचा विषय काढला की "याच्या मनात क्षमा नाही" असं त्याच्याबद्दलच बोललं जातं. देणेकरी पवित्र, घेणेकरी कठोर!

बायबलमधल्या मत्तय 5:23-24 मध्ये क्रम अगदी स्पष्ट आहे. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. येशूचं हे बोलणं ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे शंभरावर किलोमीटर लांब. अर्पण ठेवून घरी जायचं आणि परत यायचं म्हणजे आठवड्याची पायपीट. आपल्याला तेवढ्यासाठी एक रविवार थांबवत नाही.

लेवीय 6:1-7 त्याहून रोखठोक आहे. ठेव बुडवली, लुबाडलं, खोटी शपथ घेतली, तर मुद्दल पूर्ण परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि हे दोषार्पणाच्या (अपराधाबद्दल वेदीवर द्यायच्या अर्पणाच्या) त्याच दिवशी धन्याच्या हातात द्यायचं. छत्तीस महिने फोन न उचलणं या यादीपासून फार लांब नाही. म्हणजे 40,000 वर 8,000, एकूण 48,000. एकरकमी जमत नसेल तर दरमहा 4,000 चे बारा हप्ते, पगाराच्या दुसऱ्या दिवशी, मेहुण्याने आठवण करून देण्याआधी. जक्कय हा जकातदार तर लूक 19:8 मध्ये चौपटीवर गेला. निर्गम 22:1 मध्ये मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला जो दंड आहे, तोच. त्याच्याकडून कुणी मागितला नव्हता.

बोलायचं कसं? चार गोष्टी असाव्यात: काय घेतलं, काय कबूल केलं, काय केलं नाही, आता कधी देणार. "40,000 घेतले, सहा महिन्यांत देतो म्हणालो, दिले नाहीत, वर तुमचे फोन टाळले. पाच तारखेपासून दरमहा चार हजार पाठवतो." या वाक्यात "पण" आला की थांबा आणि पहिल्यापासून बोला. "पण तेव्हा माझीही अडचण होती" हे खरं असेलही, तरी ते त्या दिवशी सांगायचं नाही. पहिला हप्ता सोबतच द्या. हप्त्याशिवायची माफी मेहुण्याने अनेकदा ऐकली आहे. आणि मेहुण्याने क्षमा केली म्हणजे तो पुन्हा उसने देईल असं नाही. तेवढा हक्क त्याला ठेवा.

याच क्षमेचा सर्वात वाईट गैरवापर मार खाणाऱ्या बाईवर होतो. "सत्तर वेळा सात" क्षमा करा हे वचन सांगून तिला परत त्याच घरात पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मत्तय 18 चा मधलाच तुकडा उचललेला असतो. त्याच अध्यायात न ऐकणाऱ्याला मंडळीपुढे आणा असंही आहे. आधी तिला सुरक्षित जागा द्या, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो त्याच्याकडे जा. प्रार्थना करायला कुणी अडवलेलं नाही.

दुसरी लाडकी चूक म्हणजे "प्रार्थनेचा विषय". महिला मंडळाच्या किंवा तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश पडतो: "अमक्या कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करा, नवरा-बायकोत ठीक नाही." संध्याकाळपर्यंत ही बातमी नणंदेमार्गे त्याच बायकोकडे पोचते. मत्तय 18:15-17 चा क्रम सगळ्यांना पाठ आहे: आधी एकांतात दोघांतच, मग एक-दोन जणांना बरोबर घेऊन, मग मंडळी. आपल्याकडे सुरुवात मंडळीपासून होते, मग पाळकसाहेब, आणि ज्याच्याबद्दल बोललो त्याच्याशी बोलायचं राहूनच जातं. उपाय साधा आहे. ज्याचं नाव घेणार त्याने "हो, माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हटलेलं नसेल, तर ते नाव तुमच्या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. "नाव सांगत नाही, पण तुम्हाला कळेलच" हा प्रकार तर त्याहून वाईट. आणि एकांतात बोलायचं म्हणजे समोरासमोर. रात्री अकराला टाइप केलेला लांबलचक मेसेज त्यात बसत नाही, त्याचा स्क्रीनशॉट निघतो.

नवऱ्यांसाठी: इफिसकरांस 5 वाचायचा तर बायकोला नवऱ्याच्या अधीन राहायला सांगणाऱ्या 22 व्या वचनापासून सुरू करू नका. 21 व्यात दोघांनी एकमेकांच्या अधीन असायला सांगितलंय आणि 25 पासून जवळजवळ अध्याय संपेपर्यंत बोलणं नवऱ्याशीच आहे.

1 जानेवारीला वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा संकल्प करून फेब्रुवारीत लेवीयात अडकणारे दरवर्षी भेटतात. त्यांनी मार्कचं शुभवर्तमान घ्यावं, रोज अर्धा अध्याय. सोळा अध्याय महिन्याभरात होतात. पण झटपट वाढ हवी असणाऱ्यांना मार्क फार छोटा वाटतो, काय करणार.

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चर्चला मोजून देणाऱ्याने कामवाल्या मावशींचा एका दिवसाचा खाडा कापू नये.

नवीन विश्वासी आणि त्याचं घर, इथे मात्र थोडं थांबावं लागेल, कारण इथली घाई माणसं तोडते. बाप्तिस्म्याला महिना झाला नाही तोच मुलगा आईच्या देवघरावर भाषण देतो, दिवाळीला घरी जेवत नाही, आणि घरच्यांनी बोलणं टाकलं की त्याला छळ म्हणतो. बराचसा छळ त्यानेच मागवलेला असतो. ज्यांना वाटतं की सहा महिन्यांत सगळं घर ख्रिस्ताकडे यावं, त्यांनी ना. वा. टिळकांचं उदाहरण पाहावं. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं ताटातुटीची, भांडणांची आणि परत जवळ येण्याची होती. एवढा मोठा कवी आणि बोलका माणूस, तरी त्याच्या घरातसुद्धा हे घाईने झालं नाही.

1 पेत्र 3:1 बायकांना सांगतं की वचन न मानणारे नवरे शब्दांवाचून, वागण्याने मिळवले जातात. ते मुलांनाही लागू करायला हरकत नाही. आपण पूजेला बसणार नाही, हे एकदा, एका वाक्यात, आवाज न चढवता सांगावं. मग बाकीचं सगळं पूर्वीपेक्षा जास्त करावं: फराळाच्या चकल्या पाडाव्यात, आजीला दवाखान्यात न्यावं, लाइटबिल भरावं, भावाच्या लग्नात मांडवाची धावपळ अंगावर घ्यावी. चर्चच्या कामासाठी आईची औषधं राहिली, तर मार्क 7:9-13 मधल्या कुर्बानाचा उतारा काढून वाचावा. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगणाऱ्यांना तिथे येशू ढोंगी म्हणतो. पहिलं वर्षभर घरात कुणी विचारल्याशिवाय धर्मावर बोलू नये. विचारलंच, तर पाच मिनिटांत उत्तर देऊन पुन्हा चकल्यांकडे वळावं.