या चुका टाळा : घरात कुत्रं-मांजर आणि लहान मूल

"आमचा काही करत नाही हो." दवाखान्यात हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकते. बोलणाऱ्याच्या हातात पट्टा सैल असतो आणि कुणाचं तरी तीन वर्षांचं पोर कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं असतं. वीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. काही न करणारा कुत्रा मी अजून पाहिलेला नाही. सहन करणारे पुष्कळ पाहिले.

सगळ्यात जास्त राग मला एका चुकीचा येतो : गुरगुरला म्हणून कुत्र्याला मारणं. एका घरात अकरा वर्षांचा लॅब्रडॉर होता, आणि चार वर्षांचा नातू दिवसभर त्याच्या अंगावर. कुत्रा तोंड फिरवायचा, ओठांवरून जीभ फिरवायचा, झोप आलेली नसताना जांभया द्यायचा. घरच्यांना ते गोड वाटायचं, व्हिडिओ निघायचे. एक दिवस तो गुरगुरला. आजोबांनी पेपरची गुंडाळी करून एक ठेवून दिली. परत गुरगुरला, परत बसली. महिन्याभरात गुरगुरणं थांबलं. 'सुधारला' म्हणून सगळे खूश. पुढच्याच रविवारी त्याने पोराचा गाल धरला. टाके पडले. मला सांगतात काय, तर "काही न सांगता चावला." अहो, महिनाभर सांगतच होता की! कान तपासला तर आतून पिकलेला. पोरगं नेमका तोच ओढायचं.

गुरगुरला की मुलाला उचला. कुत्र्याला काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी तपासायला आणा. लहान मुलांना चावे बरेचदा चेहऱ्यावर बसतात, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडासमोर येतं. म्हणून मिठी नाहीच. आमच्याकडे कुत्र्याची चटई पलंगाखाली आहे. तो तिथे गेला की दुकान बंद. एरवी हाक मारायची, आला तर पाठीवरून तीनदा हात फिरवायचा आणि थांबायचं. आणखी हवं असेल तर तोच नाक खुपसतो. भाची अडीच वर्षांची असताना हे शिकली. तिच्या बाबाला अजून जमत नाही.

दुसरी चूक, जखमेवर हळद, चुना, नाहीतर मिरची पूड. पिल्लाचा दात लागला, थोडंसं खरचटलं, आजीने चुना लावला, झालं! काही झालेलं नसतं. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. रडणाऱ्या पोराला धरून पंधरा मिनिटं किती लांबतात हे मला माहीत आहे, तरी धुवायचं. मग माणसांच्या डॉक्टरांकडे. मला फोन करून "पण पिल्लू घरचंच आहे" असं सांगू नका. पिल्लाला रेबीजची पहिली लसच साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण मुलाची लस त्याच दिवशी सुरू करा, 'बघू' म्हणून थांबू नका. कातडीत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी; 0 म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली, त्यांच्या भीतीने घरी बसू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही.

बाकीच्या चुका उभ्या उभ्या सांगते.

"शी नीट होते, जंताचं औषध कशाला?" पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. गोलजंताची अंडी ताज्या शीमधून बाधत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे राहिली की बाधतात. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली तर अर्धं काम झालं. सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत. जेवणाआधी साबण आणि पाणी, बस्स.

मांजरीची वाळू रोज बदला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने बदलू नये.

मांजरीच्या पिल्लाच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला की मुलाच्या मांडीवर देऊ नका. गजकर्ण आठवड्यात घरभर होतं.

कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. पर्मेथ्रिन असलेल्या औषधाने मांजर मरतं.

काचेच्या टाकीतली छोटी कासवं साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारे जिवाणू, घेऊन फिरतात. चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर अमेरिकेत 1975 सालापासून बंदी आहे. आपल्याकडे तीच टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुतात. पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासव आणूच नका.

आणि घाईवाले. "शनिवारी वाढदिवस आहे, तोवर पिल्लू मिळेल का?" मी एवढंच विचारते, सकाळी सहाला शी कोण उचलणार? फोन बहुतेक तिथेच ठेवला जातो.